लाइल झेमानने अडवलेली माणसं

लाइल झेमान बर्फाच्या टबात कमरेपर्यंत बुडून बसला होता, तेवढ्यात कचेरीतला माणूस दारात आला.

"लाइल, कोचनी वर बोलावलंय. डावांची वही घेऊन ये."

खोलीत सात-आठ खेळाडू होते. सगळे एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायला लागले. ऑगस्टच्या शेवटी वहीसकट बोलावणं आलं की त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.

वर बकली खिडकीशी उभा होता. "बस."

"उभाच बरा आहे, कोच. बसलो तर गुडघा उठू देत नाही."

"तू माझ्यासाठी जे केलंस ते मी विसरणार नाही," बकली म्हणाला. "पण संघात जागा त्रेपन्नच." त्याने हात पुढे केला, लाइलने वही दिली. नऊ हंगामांचा निकाल चार मिनिटांत लागला.

लाइल नेब्रास्काच्या एका चेक वस्तीतला. वडील, एमिल, गुरांच्या गोठ्यावर कामाला. लाइलचे हात लहानपणापासून प्रसिद्ध. कॉलेजात त्याने बोटांच्या टोकांवर झेललेल्या चेंडूंची गोष्ट गावात अजून सांगतात. पण व्यावसायिक संघात आला त्याच उन्हाळ्यात बकलीने त्याचे खांदे चाचपून पाहिले. "हात छान आहेत तुझे. पण हात पुष्कळांकडे असतात. मला खांदे हवेत."

लाइलची जागा टाइट एंडची. अमेरिकन फुटबॉलमधला हा खेळाडू रांगेच्या टोकाला उभा राहतो. कधी भिंत होऊन समोरच्याला अडवायचं, कधी भिंत सोडून पळायचं आणि चेंडू झेलायचा. लाइलच्या वाट्याला भिंतच आली. बायको कोरिन रोज सकाळी डझनभर अंडी फोडायची. त्याने पंधरा किलो वजन चढवलं आणि पाय जड झाले. दर उन्हाळ्यात बकली पाठीवर थाप मारून म्हणायचा, "या वर्षी तुझ्याकडे टाकतो बघ." नऊ वर्षांत चेंडू आला चौतीस वेळा.

गावातल्या बेकरीवाल्याने खास लाइलसाठी छपरावर डिश बसवली होती. रविवारी चर्च सुटलं की एमिल आणि त्याचे सोबती तिथे कोलाचे, म्हणजे फळांचा गर भरलेले चेक गोड पाव, खात टीव्हीसमोर बसत. सोमवारी एमिलचा फोन.

"काल खेळलास का रे?"

"पूर्ण वेळ मैदानात होतो, बाबा."

"दिसला नाहीस."

कॅमेरा चेंडूमागे धावतो. लाइल चेंडूपासून लांब कुणाला तरी जमिनीवर लोळवत असे. हे त्याने फोनवर दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

आठव्या हंगामाच्या शेवटी संघाने टॅव्हियन मेबेरीला घेतलं. उंच, वाऱ्यासारखा पळणारा. अडवणं मात्र त्याला ठाऊकच नव्हतं. "याला शिकव," बकलीने सांगितलं, आणि लाइलने शिकवलं. समोरच्याच्या पायाचा अंगठा कुठे वळलाय ते कसं बघायचं, हात काखेखाली कसे घुसवायचे. स्वतःची एक चोरटी युक्तीसुद्धा दिली.

"आजोबा, हे तुम्ही मला का शिकवताय?" टॅव्हियनने हसत विचारलं. "माझ्यामुळे तुमचीच जागा जायची."

"मग नीट तरी शीक. गेलीच तर वाया जायला नको."

पोरगा गुणी होता, हेच लाइलला सलत होतं. वाईट असता तर बरं झालं असतं.

नवव्या हंगामात, नोव्हेंबरमध्ये, लाइलचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. संघाच्या डॉक्टरने गुडघा बधिर करायची सुई भरून ठेवली.

"टोचून घेऊ नकोस," कोरिन फोनवर म्हणाली.

"एकच सामना आहे गं."

"असे तुझे एकच सामने मी नऊ वर्षं बघतेय."

त्याने टोचून घेतलं. सामन्याच्या तिसऱ्या सत्रात त्याने दोन माणसांना एकट्याने अडवलं. मधल्या वाटेने टॅव्हियन चेंडू घेऊन निघाला आणि सत्तावन्न यार्ड पळाला. साठ हजार माणसं उभी राहिली. लाइल मागे गवतावर पडला होता. आपल्या गुडघ्यातला आवाज त्याला ऐकू आला, बाकी कुणाला आला नाही. सगळ्यांची तोंडं पलीकडे होती. जल्लोष ओसरल्यावर पंचाचं लक्ष गेलं.

शस्त्रक्रिया झाली, हिवाळाभर व्यायाम झाला, आणि ऑगस्टमध्ये ते बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, झेमानने स्वतःहून निवृत्ती घेतली. बकलीनेच पत्रकारांना तसं सांगितलं होतं.

निघताना लाइलने चित्रीकरणवाल्याकडून एक कॅसेट मागून घेतली. कोच लोक अभ्यासाला वापरतात ती, उंचावरून घेतलेली, मैदानावरचे सगळे बावीस जण दिसतात अशी. गावी पोचल्यावर त्याने एमिलला खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हा मी, बाबा. बघा आता."

एमिलने तासभर बघितलं. मध्येच चष्मा पुसला. लाइल त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"हे असंच नऊ वर्षं?" एमिलने विचारलं.

"हो."

"माणसं ढकलायची?"

"हो, बाबा."

एमिल उठला आणि काठी शोधू लागला. "मी गुरं ढकलली जन्मभर. तू त्यातून सुटलास असं वाटलं होतं मला."

तो बाहेर गेला. कॅसेट चालूच राहिली, शेवटी कोरिनने बंद केली. एमिल मार्चमध्ये वारला. त्या विषयावर दोघं पुन्हा बोलले नाहीत.

लाइल आता धान्याच्या कोठारावर ट्रक तपासतो. संघ सुटल्यावर वर्षाने टॅव्हियनचा फोन आला.

"आजोबा, दोन आठवडे येता का इकडे? माझं अडवणं पार बिघडलंय. कोच म्हणतात तुम्ही कंटाळून खेळ सोडलात, पण मला नाही खरं वाटत."

"बकलीला सांग शिकवायला," लाइल म्हणाला आणि फोन आपटला.

कोरिन दारात उभी होती. "त्या पोराने काय केलं होतं रे तुझं?"

"काही नाही."

"मग कर परत फोन."

लाइलने फोनकडे बघितलं. मग गुडघ्याचा पट्टा बांधला आणि कामावर गेला. टॅव्हियनने दुसऱ्यांदा फोन केला नाही.