प्रेक्षकांतून आलेला जमादार

निजामाच्या अमदानीत माकणीच्या अंगाला एका गावात मी मराठी शाळेवर मास्तर होतो आणि शाळा सुटली की नाटकं बसवायचो. आमची मंडळी म्हणजे जेमतेम सहा माणसं. त्यांतला खरा नट एकच, गावातला शिंपी. एरवी तो इतका हळू बोलायचा की गिऱ्हाइकाला दोनदा विचारावं लागे. पण तोंडाला रंग लागला की आवाज पार वेशीपर्यंत जायचा. दुसरे एक वयस्कर गृहस्थ होते. उमेदीची वर्षं त्यांनी एका फिरत्या नाटक कंपनीत घालवली होती. पडद्याआड बसून ते आम्हाला विसरलेली वाक्यं पुरवायचे. त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो.

जर्मन-जपानच्या लढाईच्या दिवसांत आमचा एकुलता एक पडदा वाळवीनं खाल्ला. नवा कुठून आणणार? कापडच मिळत नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, पडद्याशिवाय करू. लोकांनी गोल बसावं आणि आपण त्यांच्यातूनच उठावं.

काकांना ते पटलं नाही. "नट लोकांपासून चार हात लांबच बरा, मास्तर," ते म्हणाले.

पहिल्याच खेळाला मी प्रेक्षकांत बसलो आणि शिंप्याशी भांडण उकरून काढलं. शेजारच्या म्हाताऱ्याला ते खरं वाटलं. तो माझा सदरा धरून मला खाली ओढायला लागला. खरा प्रकार कळल्यावर लोक पोट धरून हसले. त्या हसण्याची मला चटक लागली.

त्या काळी लेव्ही होती. पिकलेल्या धान्यातला ठरलेला वाटा सरकारात घालावा लागे. पीक हाती आलं नसलं तरी जमादार शिपायांना घेऊन दारात उभा राही. लोक घासभर ज्वारी कुठं कुठं दडवून ठेवत. मी त्यावर नाटक रचलं. कागदावर काही ठेवलं नाही, कारण खेळाचा सरकारी परवाना मागितला असता तर मिळाला नसता. शेवटी जमादार येतो तो समोरून नाही, बसलेल्या लोकांच्या पाठीमागून, असं मी ठरवलं. शिंप्यानं जुन्या कापडाचा खाकी पोशाख स्वतःच शिवला. उर्दू त्याला चांगली यायची.

खेळ नदीपल्याडच्या एका लहान गावात ठेवला. बाजारचा दिवस टाळला होता, दुपारची वेळ, चावडीपासून लांबचं एक खळं. खेळ सुरू होण्याआधी काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "या गावात मागच्या पंधरवड्यात खरीच झडती झालीय. इथं जमादार नको. दुसरं काहीतरी करू."

"म्हणूनच इथं करायचं," मी म्हणालो.

खेळ रंगला. आणि मग पाठीमागून आवाज आला, "कोई नक्को हिलो! लेवी का दाना किसने छुपाया, निकालो बाहर!"

शिंपी आमच्याच मंडळींतल्या दोन शिपायांना घेऊन उभा होता. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. सगळं खळं गप्प झालं. बायकांनी पोरांना पदराखाली घेतलं. मला वाटलं, हेच हवं होतं मला. असा शांतपणा मी कधी ऐकला नव्हता.

मग बायकांच्या घोळक्यातून एक विधवा बाई उठली आणि घराकडे गेली. कुणाला काही कळेना. शिंपी आपली वाक्यं म्हणत राहिला. थोड्या वेळानं ती पाठीवर पोतं घेऊन आली आणि तिनं ते शिंप्याच्या पायाशी टाकलं.

"घ्या सरकार. एवढंच हाय," ती म्हणाली. "पोरगी बाळंतपणाला आलीया. तिच्यापुरतं ठिवलं व्हतं. पोरीला काय करू नका."

शिंप्यानं माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघत राहिलो. शेवटी त्यानं टोपी काढली आणि नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाला, "मावशी, मी शिंपी हाय. नाटक हाय हे."

आधी मागून एकजण हसला, मग सगळेच हसले. सुटल्यासारखे हसले. ती तेवढी पोत्याशी उभी होती आणि तिच्या डोक्यावरचा पदर पाठीवर घसरला होता. मग तिनं पोतं पुन्हा उचललं. शिंपी हात लावायला पुढं झाला तर म्हणाली, "र्‍हाऊ द्या."

तिच्या घरात ज्वारी आहे हे आता सगळ्या गावानं बघितलं होतं. चौथ्या दिवशी खरे शिपाई आले. कुणी सांगितलं ते कळलं नाही. पोतं तर नेलंच, वर तिला दिवसभर चावडीपुढं उन्हात उभं केलं. नाटकवाले कोण, असं तिला विचारलं. "परगावचे व्हते, मी न्हाय वळखत," एवढंच तिनं सांगितलं. आठवड्यानं तिनं पोरीला सासरी परत पाठवलं.

आम्ही आमच्या गावात घराघरातून थोडी थोडी ज्वारी गोळा केली. शिंपी आणि मी ती बैलगाडीत घालून तिच्या दारात गेलो. ती ओट्यावर बसली होती. पायांना सूज होती.

"चांगलं वठवलंत तुम्ही," ती शिंप्याला म्हणाली. "मला लई खरं वाटलं." बोलण्यात टोमणा नव्हता. मग तिनं गाडीकडे बघितलं. "हे आणताना कुणी बघितलं का?"

"सगळ्यांनीच बघितलं असंल," मी म्हणालो.

"मग न्या परत."

भरलेली गाडी तशीच घेऊन आम्ही परत फिरलो.

निजामी गेल्यावर धाराशिवच्या काही उत्साही मंडळींनी तेच नाटक मागितलं. मी शिंप्याकडे गेलो. तो मशीनवर बसला होता. "तो पोशाख मी उसवला मास्तर," तो म्हणाला. "दुसरा कुणी बघा." काकांनीही अंग काढून घेतलं.

मी दुसऱ्या नटाला घेऊन खेळ केला. मोठा मांडव होता, तुडुंब गर्दी. जमादार पाठीमागून आला तशा शिट्ट्या सुरू झाल्या. कुणी त्याची टोपी उडवली, कुणी त्याला खांद्यावर घेतलं. त्याचं एकही वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. मी कडेला उभा होतो. यातलं कुणीच घाबरलं नाही याचं मला वाईट वाटलं आणि मग माझी मलाच किळस आली.

त्यानंतर मी नाटक बसवलं नाही. ती बाई गाव सोडून लेकीकडे गेली असं पुढं कुणीतरी सांगितलं. लेकीचं बाळंतपण कसं झालं, हे मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही.