बटाट्याला धरलेली वांगी

श्रावणातली सकाळ. शेगडीवरच्या दुधावर नजर ठेवून मी पोळ्या लाटत होते, तोच मागचं दार वाजलं. पिंपरीत औषधांचा कारखाना निघाला, आमची कॉलनी वसली, तेव्हापासून मंजुळाबाई चाकणकडचं माळवं घेऊन यायच्या. त्यांची हाक चार घरं आधी ऐकू यायची. आज हाक नव्हती.

त्यांनी पाटीतल्या मेथीखालून बटाट्याचं उपटलेलं झाड काढलं. त्याला लहानग्या वांग्यांसारखी हिरवी, गोल फळं लोंबत होती.

“बटाट्याला वांगी धरली, बाई! लावण नव्या सुनंच्या हातची. भावकी म्हनती, शकूच्या हाताला दोष हाय. मालकांनी तिच्या बापाला सांगावा धाडलाय, आज येऊन लेक घेऊन जा.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“पोर गुणाची हाय वो. पर माझं कोन ऐकतंय? तुमी झाडाचं शिकलाय. कंपनी येवढी औषधं करती, ह्याच्यावर न्हाई व्हय एखादं?”

मी हसले, पण त्या झाड माझ्यापुढं धरून उभ्याच होत्या.

झाडावर एक फूल टिकून होतं. परसातल्या वांग्याचं एक आणलं, कुंपणाजवळच्या काटेरी रिंगणीचं एक. तिन्ही ताटात मांडून भिंग त्यांच्या हाती दिलं. बटाट्याचं पांढरं, बाकीची जांभळी. पण तिन्हींच्या पाच पाकळ्या बुडाशी जुळलेल्या, मधे पिवळ्या केसरांचा झुबका, आणि दर केसराच्या टोकाला सुईनं पाडावं तसं भोक.

“अगं बया!” मंजुळाबाई पुटपुटल्या. “सख्ख्या भनी!”

“पानं, काटे वेगळे असोत. शास्त्रज्ञ फूल नि फळ बघून जवळच्या जाती एका प्रजातीत बसवतात. नावं निराळी, आडनाव एकच. बटाट्याला फळ धरतंच, आपल्याकडे क्वचित. यंदा गारवा टिकला, म्हणून धरलं असेल. खाऊ मात्र नका, विषारी असतं.”

“म्हंजी शकूनं काय केलं न्हाई.”

“काही नाही.”

कॉलेजात हे मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. भिंगातून त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या, आणि त्यांच्या खांद्यावरून बघताना माझ्याही अंगावर काटा आला. बटाटा मूळचा सातासमुद्रापलीकडचा, वांगं नि रिंगणी इथली, आणि भोकं तीच!

दूध केव्हाच उतू गेलं होतं.

मंजुळाबाईंनी पाटी उचलली नाही. म्हणाल्या, “बाई, ही फुलं नेते. सुकायच्या आत मालकांना दावायचीत. एक वल्लं फडकं द्या.”