कडुनिंबाचा पाला

सापांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती साप दिसल्यावर माणसं जे करतात त्याबद्दल. अठ्ठावीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं आणि जवळपास तेवढीच वर्षं दर रविवारी नरखेड तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत जात आलो. दोन्हीकडे माझं मत एकच झालं. सापाचा मेंदू वाटाण्याएवढाही नसतो, पण असतो तेवढा तो वापरतो.

नागपूरला आमच्या नंदनवन वस्तीतल्या गल्लीत एकदा धामण निघाली. बिनविषारी, उंदरांच्या मागावर आलेली बिचारी. मी घरातून बाहेर येईपर्यंत एकानं क्रिकेटची बॅट आणली होती, दुसऱ्यानं डास मारायचा फवारा, आणि उरलेल्या पंधरा जणांनी मोबाइल. धामण मेल्यावर एका बाईंना शंका आली की नागोबा असला तर पाप लागेल. मग धामणीवर दूध शिंपडून तिला रिकाम्या प्लॉटात पुरलं, वर फूलही वाहिलं. जिवंतपणी बॅट आणि मेल्यावर दूध, ही आमची सुशिक्षित वस्ती.

सर्पमित्र म्हणवणारेही काही मागे नाहीत. सक्करदऱ्याकडे एका गॅरेजात नाग निघाला तेव्हा मिलिटरी छापाची पँट घातलेला एक तरुण गडी आला. त्यानं नाग पकडला तो बरा पकडला, पण पोत्यात घालायच्या आधी त्याच्या फण्याला कपाळ टेकवून दाखवलं, कारण समोर कॅमेरा चालू होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नागानं त्याला सोडलं, याचं श्रेय मी पूर्णपणे नागाला देतो.

बागेत मी स्वतः विषारी साप भरपूर पाहिले. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टर पेटीत मण्यार वेटोळं घालून बसलेली पाहिली. बांधावरच्या वारुळात नाग शिरताना पाहिला. मला कधी काही झालं नाही, कारण मी गुडघ्यापर्यंत गमबूट घालतो, हातात काठी ठेवतो आणि पाहिल्याशिवाय कुठे हात घालत नाही. गाव माझ्या गमबुटांना हसतं. घरच्यांना मी दहादा सांगितलं, बूट घाला, हातमोजे घाला. ऐकतील तर शपथ.

घरचे म्हणजे दादा आणि वहिनी. दादा माझा थोरला भाऊ. मी शिकून नागपूरला आलो, तो बागेत राहिला. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी दहावीत होतो. बागेचं निम्मं काम तिच्या हातानं होतं आणि हे मी सोडून कुणी कधी बोलून दाखवलं नाही, असं मला वाटायचं.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. त्या वर्षी फळगळ फार झाली होती. झाडाखाली पडलेली संत्री सडतात, माश्या होतात, म्हणून ती रोज वेचून खड्ड्यात पुरावी लागतात. वहिनी झाडाखाली बसून वाळल्या गवतातून संत्री वेचत होती. मी दोन झाडं पलीकडे पाठीमागे हात बांधून पाहणी करत होतो. तेवढ्यात कुकरची शिटी पडायच्या आधी जो आवाज होतो तसा आवाज आला, आणि मला कळलं की ही घोणस आहे. मी वळेपर्यंत वहिनीनं हात बाहेर काढलेला होता. ती ओरडली नाही. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघत राहिली. गवतातून तिच्या पाठीवरची साखळीसारखी नक्षी सरकताना मी पाहिली आणि तिनंही पाहिली.

आता गोष्ट सरळ होती. विहिरीजवळ दादाची मोटरसायकल उभी होती. बागेपर्यंत येणाऱ्या पांदणीच्या चिखलापलीकडे, डांबरी रस्त्यावर माझी कार होती. तालुक्याचा दवाखाना तिथून अर्ध्या तासावर. माणसाला एवढं समजायला जीवशास्त्र लागत नाही.

पण दादा मोटर बंद करून धावत आला तो शेजारच्या बागेतल्या म्हाताऱ्याला हाका मारत. हा म्हातारा म्हणजे पंचक्रोशीतला सापाचा जाणता. त्याची सगळी विद्या एका पाल्यात होती. ज्याला साप चावला त्याला तो कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष चढलं नाही, हळद-तूप बांधून माणसाला झोपू न देता बसवून ठेवायचं. गोड लागला तर विष चढलं, मग ते आपल्या हातचं नाही, दवाखान्यात न्यायचं. हा त्याचा नेम, आणि अख्खं गाव हा नेम मानायचं. विषाचं निदान जिभेवर सोडणारी ही माणसं माझ्याच गावची, याची मला त्या दिवशी जितकी लाज वाटली तितकी कधी वाटली नव्हती.

म्हातारा आला. पाच मिनिटांत बांधावरच्या झाडाचा पाला ओरबाडून आला, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं पाला वहिनीपुढे धरला. तिनं डावा हात पुढे केला. मी मध्ये पडलो आणि त्याच्या हातावर फटका मारून तो पाला चिखलात उडवला.

रागावलो की मी पुस्तकी मराठी बोलतो. मी म्हणालो, "हा शुद्ध अडाणीपणा आहे. घोणसेचं विष रक्तावर काम करतं. जिभेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तुमच्यासारख्या मूर्खांमुळे माणसं मरतात."

म्हातारा धोतराला हात पुसून बांधावर जाऊन बसला. मग म्हणाला, "मास्तर, तुम्हीच पाहा मंग. मी नाई हात लावत."

दादाचा चेहरा पांढरा पडला. "काहून फेकला गा पाला? तो उठून गेला तं कोन पाहीन हिले? पाया पड त्याच्या."

"मी? याच्या?"

"हो, तूच. शिकला म्हणून काय देव झाला का तू?"

मी पाया पडलो नाही. अडाणीपणापुढे मान तुकवायची नाही हे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं. मी वहिनीचा दंड धरून तिला उठवायला गेलो, तर दादानं मोटरसायकलची किल्ली काढून कमरेला खोचली. पांदणीत घोटाभर चिखल, तिला चालवत न्यायचं तर चालण्यानं विष वेगानं पसरणार, हे मीच सगळ्यांना ओरडून सांगत होतो. मी रक्त कसं गोठतं ते समजावलं. दादानं अमक्याचा बाप पाल्यानं कसा वाचला ते सांगितलं. मी म्हटलं त्याला बिनविषारी चावला असेल. दादा म्हणाला, "तू होता का तिथं?" असं आमचं चाललं. म्हातारा बांधावर पाठ करून बसलेला. वहिनी संत्र्याच्या टोपल्याला टेकून बसली होती. बोट सुजून वांग्याच्या रंगाचं झालं होतं आणि त्यातून रक्त थांबत नव्हतं. मी घड्याळ बघत होतो आणि प्रत्येक मिनिट म्हाताऱ्याच्या नावावर लावत होतो. पस्तीस मिनिटं झाली.

शेवटी दादाच म्हाताऱ्याच्या पाया पडला. दुसरा पाला आला. या वेळी मी तोंड फिरवून उभा राहिलो. वहिनीनं दोन पानं तोंडात घातली, चावली, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत असताना म्हणाली, "गोड लागून राह्यला. साखरेवानी."

म्हातारा ताडकन उठला. "गाडी काढा! काय पाहून राह्यले? आपल्या हातचं नाई हे." दादानं किल्ली काढली, वहिनीला मध्ये बसवून मी मागे बसलो, आणि दहा मिनिटांत आम्ही कारपाशी होतो. जे माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या जीवशास्त्रानं झालं नाही ते दोन पानांनी झालं, म्हणून मला इतका संताप आला होता की गाडी चालवताना मी नुसता हॉर्न वाजवत राहिलो. भीतीनं तोंड कोरडं पडतं, चव कळेनाशी होते, त्यालाच ही गोड म्हणते आहे, एवढं मात्र मनात नोंदवून ठेवलं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटांनी ती आडवी केली. रक्त गोठायला हवं होतं, ते पाण्यासारखं वाहिलं. मी दादाला कोपरानं ढोसलं. याला परीक्षा म्हणतात, मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. विषावरचं औषध सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही नागपूरला पोचलो. किडन्या मंदावल्या होत्या, तीनदा डायलिसिस झालं. बोट काळं पडलं आणि नवव्या दिवशी काढावं लागलं. वहिनी वाचली.

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "इतका उशीर का केला?" उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी त्यांना पाल्याची गोष्ट रंगवून सांगितली. त्यांनी मान हलवत काहीतरी लिहिलं. "थोडं आधी आणलं असतं तर बोट वाचलं असतं," ते म्हणाले. हे वाक्य मी गावी फोन करकरून चार जणांना सांगितलं, म्हणजे म्हाताऱ्यापर्यंत पोचेल.

दवाखान्यातून सुटल्यावर वहिनी तपासण्यांसाठी महिनाभर आमच्याकडे नंदनवनातच होती. भेटायला लोक येत. माझे जुने सहकारी आले त्या दिवशी मी गोष्ट पुन्हा सांगितली. म्हातारा धोतराला हात कसा पुसतो ते उठून करून दाखवलं. "साखरेवानी" हे वहिनीच्या आवाजात म्हणून दाखवलं. सगळे खूप हसले. वहिनी दिवाणावर बँडेजचा हात मांडीवर ठेवून बसली होती, तीही थोडी हसली.

ते गेल्यावर मी कपबश्या उचलत होतो.

"भाऊजी, एक सांगू का?" वहिनी म्हणाली.

"सांगा की."

"कडूच होता तो पाला. कडूझर."

मी बश्या खाली ठेवल्या. "मग गोड का म्हणालात?"

"गोड म्हटल्याबिगर गाडी निंगत नव्हती. म्हाताऱ्याचा नेम मले माहीत नाई का? घोनस मी बी पाह्यली. मी वाटच पाहून राह्यली होती, कधी पाला येते अन् कधी गोड म्हणू."

ती सावकाश बोलत होती, कुणाची तक्रार करावी तशी नव्हे.

"पह्यल्यांदा आणला तवाच म्हणणार होती. हात बी पुढं केला होता मी. तुम्ही उडवला."

मी म्हणालो की एका शब्दानं सांगायचं होतं, दवाखान्यात न्या म्हणून. अजूनही माझा आवाज वर्गातलाच होता.

"इचारलं कुठं कोनी? तुम्ही दोघं भांडून राह्यले होते."

मी आठवून पाहिलं. पस्तीस मिनिटांत मी दादाशी बोललो, म्हाताऱ्याशी बोललो, रक्त कसं गोठतं ते बांधाला ऐकवलं. वहिनीला मी काहीच विचारलं नव्हतं. त्या बागेत त्या दिवशी अक्कल एकाच माणसाकडे होती आणि तिच्या पुढे केलेल्या हातासमोरून मी पाला उडवला होता. मला स्वतःची किळस आली. टीव्हीवर तिची दवाखान्याची फाईल पडली होती. तिच्यात उशिराचं कारण माझ्या सांगण्यावरून लिहिलेलं आहे: गावठी उपचार. म्हाताऱ्याकडे मी अजून गेलेलो नाही. काय तोंड घेऊन जाऊ?

वहिनीनं डाव्या हातानं दिवाणाशेजारच्या टोपलीतलं एक संत्रं उचललं, थोडा वेळ बँडेजच्या हाताशी धरून पाहिलं, आणि माझ्यापुढे केलं.

"एवढं सोलून द्या," ती म्हणाली. "मले जमत नाई आता."