दगाआबांची शिट्टी

थांबा, हातातलं ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्या सांगायला बसले तर मी ते गोड करून टाकीन. दहा मिनिटांपूर्वी शेजारच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी मोटार लावायला उठले. जळगावच्या या भाड्याच्या खोलीत मोटारच नाहीये. भिंतीवर बटण शोधत उभी राहिले. मग आठवलं, दगाआबा जाऊन चार महिने झाले.

आमचं घर धुळ्याला, देवपुरात. दगाआबा आमच्या भागाचे व्हॉल्व्हमन. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून, लांब चावीने व्हॉल्व्ह फिरवून गल्लीला पाणी सोडणारा माणूस. पाणी कधी पाच दिवसांनी, कधी आठ, पहाटे नाहीतर भर दुपारी. आबा व्हॉल्व्ह उघडायचे आणि गल्लीभर चालत शिट्टी मारायचे. एक लांब, दोन आखूड. की घराघरात मोटारी सुरू. रिटायर झाले तरी नवीन माणसाच्या मागे सायकल दामटत जायचे, कारण तो व्हॉल्व्ह उघडून गुपचूप निघून जायचा. "त्याले व्हॉल्व्हना पगार भेटस," आबा म्हणायचे, "शिट्टीना नही."

नावावरून हसू नका. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून नजर लागू नये असं नाव त्यांच्या आईने ठेवलं. आमच्याकडे घरटी एक दगा नाहीतर दगडू सापडेल.

आबा महापालिकेला उभे राहिले ते सरलाकाकूंमुळे. काकू शाळेत खिचडी शिजवायच्या. पाण्याची वाट बघत घरी थांबल्या की खाडा. तिसऱ्या खाड्याला काम गेलं. आबा त्यांच्या ओट्यावर बराच वेळ बसले आणि मग मला हाक मारली, "बेटा, तुना मोबाईलमा लिख. पानी कव्हय येवाव शे, हाई आदला दिन बठ्ठास्ले कळाले पाहिजे. बस. मी उभा ऱ्हास."

पाणी कधी येणार, ते आदल्या दिवशी सगळ्यांना कळायला हवं, हाच जाहीरनामा! एक ओळ! मी तर उडालेच. दोन रात्रीत ग्रुप काढले, फोटो काढले, शंभर मेसेज टाईप केले. पण आबांना घेऊन दारोदार फिरणं म्हणजे डोक्याला ताप. पोरं म्हणाली, "आबा, जिम पाहिजे." आबा म्हणाले, "मना हातमा नही." बायका म्हणाल्या, "गटारीचं बघा." आबा म्हणाले, "ते बी नही." मी कोपर मारलं, "आबा, 'बघतो' तरी म्हणा ना!" तर सगळ्यांसमोर मला विचारतात, "आन् नही बघं ते?"

मग चिन्ह मिळालं. शिट्टी!! मी कचेरीबाहेर नाचले. आबांचं तोंड मात्र उतरलं. "आते कशी वाजाडू?" म्हणाले. मला कळेचना. रिक्षावर भोंगा आहे, गळ्यात शिट्टी आहे, वाजवा की! ते म्हणाले, "पानी नही ते शिट्टी नही. वीस वरीस झायात, मनी शिट्टी खोटी नही पडेल."

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी आबा जेवायला घरी गेले. मी रिक्षात होते. त्यांच्या शिट्टीचं रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलमध्ये होतं, मागे गंमत म्हणून केलेलं. मला वाटलं, एकदाच. कोण नाही म्हणेल? भोंग्याला लावलं. एक लांब, दोन आखूड.

पाणी येऊन आठ दिवस झाले होते. सगळी गल्ली बाहेर. पाइप, ड्रम, हंडे, कोरड्या मोटारींची घरघर. सरलाकाकू नवीन घरकामाला लागल्या होत्या, तिथून तशाच धावत आल्या, हाताला भांड्यांची राख. मी माईकवर ओरडले, "शिट्टीलाच मत द्या!" कुणीच हसलं नाही. एकजण शांतपणे म्हणाला, "नाव दगा, कामबी दगा." आबा खरकट्या हातानेच पळत आले. काय झालंय ते त्यांना बघूनच कळलं. हात जोडले आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारोदार म्हणत गेले, "चुकी मनी शे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही सांगितलं नाही.

आबा थोडक्यात पडले. माझ्यामुळे का, माहीत नाही. निकालाच्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, "चहा लेशी का?" मी म्हटलं, "आबा, माझं चुकलं." ते बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "तो नवा मानूस शिट्टीबिगर व्हॉल्व्ह उघाडस. तू व्हॉल्व्हबिगर शिट्टी वाजाडी. दोन्ही अर्धंच."

एवढंच. राग नाही. पण त्यानंतर आबांची शिट्टी झाली की लोक आधी नळ सोडून बघायचे, धार आली तरच मोटार लावायचे. आबा सायकल धरून ते बघायचे. मीही गच्चीवरून बघायचे.

आबा गेले तो पाण्याचा दिवस होता. कुणालाच माहीत नव्हतं. आबांना अंगणात ठेवलेलं, सगळी गल्ली तिथे. नवीन माणसाने व्हॉल्व्ह उघडला आणि निघून गेला. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "पाणी आलंय." लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक गेला, दुसरा गेला, मग जवळजवळ सगळेच. मीही गेले. मोटार लावली, टाकी भरेपर्यंत उभी राहिले, बटण बंद केलं, आणि परत येऊन आबांच्या पायाशी त्याच जागेवर बसले. सरलाकाकू तेवढ्या उठल्या नव्हत्या. माझे हात ओले होते, ते ओढणीला पुसले. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

आत्ता कुकरची दुसरी शिट्टी झाली. मी पुन्हा उठले नाही, पण पाय हलले. तुमचं कधी असं झालंय का? आपलं माणूस अंगणात ठेवलेलं, आणि तुम्ही टाकी भरून आलात? खरं सांगा.