लेकीचं धनुष्य आणि कांद्याच्या गोण्या

आता काय सांगू तुम्हाला, हसणार नसाल तर सांगतो! आमच्या कोल्हारात धनुष्याला कांद्याच्या गोणीखाली दाबणारा पहिला माणूस मीच.

माझी लेक सुरेखा कोपरगावात पोरापोरींना तिरंदाजी शिकवते. बांबूच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून तिनं स्वतःच्या हातानं धनुष्य केलं. पुरुषभर उंच! दोरी उतरवून आमच्या बैठकीत टांगलेलं असतं. आल्यागेल्याला मी चहाआधी ते दाखवतो.

असेच एकदा शेजारचे रज्जाकभाई आले. सुतारकामात हयात गेलेली. मान तिरकी करून म्हणाले, "आप्पा, टोकं बघितली का? वाकल्यात. चिकटवलेलं लाकूड हाय, वर्षं झाली की आकार सोडनारच."

"माझ्या लेकीनं केलंय! सोडंल कसं?"

पण बघतो तर काय, खरंच वाकलेलं! दोन्ही टोकं, दोरी लावतात त्याच्या उलट्या बाजूला! रविवारी सुरेखा तिच्या विद्यार्थ्यांना हेच धनुष्य दाखवायला आणणार होती. बाप जिवंत असताना लेकीची फजिती?

मग काय! धनुष्य जमिनीवर ठेवलं, वर कांद्याची गोणी. सकाळी गोणी काढली, तर टुणकन पुन्हा तस्संच! दोन गोण्या ठेवल्या. पुन्हा टुणकन! रज्जाकभाईंनी आपल्या दुकानातले लाकूड दाबून धरायचे शिकंजे आणून आवळले. शिकंजे सुटले नि टोकं परत जागेवर!

"धनुष्य हाय का स्प्रिंग?" रज्जाकभाई घामाघूम.

बायको म्हणाली, "लेकीला इचारा की एकदा."

बापानं विचारायचं? छे!

रविवारी सुरेखा पोरांना घेऊन आली. ज्या लाकडी साच्यावर पट्ट्या चिकटवल्या होत्या, तो साचाही पोरांना दाखवायला आणलेला. मी आधीच हात जोडले. "बाई, तुझं धनुष्य वाकलं गं. लई सरळ केलं, होईना."

तिनं धनुष्य साच्यावर ठेवलं. बसलं की नेमकं! मध्ये जेमतेम नख जाईल एवढी फट.

"आप्पा, हा वाक मीच दिलाय. त्यानं बाणाला जोर येतो. वापरून वापरून सगळीच धनुष्यं थोडी ढिली पडतात. हे एवढंच पडलंय. पण तुम्ही सरळ केलं म्हंजे काय केलं?"

सांगितलं. पोरं खो खो हसली. सुरेखा मात्र धनुष्यावरून हात फिरवत राहिली. "दोन गोण्या? वर शिकंजे? तरी आकार सोडला न्हाई?"

माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! तिच्याकडून दोरी चढवून घेतली, धनुष्य धरून ऐटीत उभा राहिलो. रज्जाकभाईंनी फोटो काढला. 'माझ्या लेकीचं काम!' असं लिहून मी तो तिथल्या तिथं साऱ्या गावाला, पाहुण्यारावळ्यांना पाठवला.

सुरेखानं मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाली,

"आप्पा, दोरी आपल्याकडं धरायची असती!"