पट्टीनं दाबलेलं बोट

ठशाच्या मशीनवरच्या पोरानं माझं बोट पट्टीनं दाबलं. पोरं शाळेत वापरतात ती, प्लास्टिकची. मी मशीनच्या काचेवर बोट ठेवलं होतं, ते नीट टेकत नव्हतं. तर त्यानं टेबलावरची पट्टी उचलली आणि तिच्या टोकानं माझ्या नखावर दाब दिला. ढेकूण दाबतात तसा.

माझ्याआधी एक साहेब बसले होते. त्यांचं बोट ह्यानं स्वतःच्या हातात धरलं होतं. "काका, हात सैल सोडा, मी दाबतो." किती गोड बोलणं! मग माझा नंबर आला. "या मावशी, बसा," म्हणाला. हात पुढं केलाच होता त्यानं. तेवढ्यात आधार कार्डावरचं आडनाव वाचलं. वर बघितलं.

"काय काम करायचात?"

"सफाईला होते. ठेकेदाराकडं. गटार, रस्ता, सगळं."

हात मागं गेला. मी रंगवून सांगत नाही. आयुष्यभर बघत आलेय. मागं जाणारा हात मला लांबून कळतो.

पट्टीनं एकदा दाबलं, मशीन काही बोललं नाही, लगेच म्हणाला, "घासून गेलेत तुमचे ठसे. नाही होणार. पुढचे या."

आणि मी उठले. मुकाट्यानं.

विरार पूर्वेला एका मोठ्या सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर होतं. सत्तरीच्या वरच्या माणसांना सरकारचं आरोग्य कार्ड काढून देणार होते. मी मनवेलपाड्याच्या चाळीत राहते, चालत गेले. मधे दोनदा बसले, छातीत भरून येतं म्हणून. हृदयाची नळी तुंबलीय माझी. जन्मभर लोकांच्या नळ्या मोकळ्या केल्या आणि तुंबली कुणाची, तर माझी! डॉक्टर म्हणाले, फुगा घालून उघडायची, आत स्प्रिंग बसवायची, आणि लवकर. कार्ड असेल तर फुकट. नसेल तर काय, ते ऐकून माझा मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. ठेकेदाराकडं काम म्हणजे कामगार विमा नाही, पेन्शन नाही, काही नाही. हे एकच कार्ड होतं. जीव त्याच्यावर अडकलेला. तरी त्यानं "पुढचे या" म्हटलं आणि मी उठले.

बाहेर चपलांच्या ढिगाशी पायरीवर बसले. बसवेना. उठले. परत बसले. मांडीवरच्या पिशवीत पिवळं रेशन कार्ड होतं, उत्पन्नाचा दाखला होता. त्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत सुनेनं आणि मी खेटे घातले होते. मी गरीब आहे हे सिद्ध करायला काय काय गोळा केलं होतं बाई मी! मला वाटायचं, हे गरिबांना दिलेलं दान आहे. दान घेणाऱ्यानं हात पसरायचा, वर तोंड करायचं नाही. आमच्या आईनं हेच शिकवलं, तिच्या आईनं तिला. मनात म्हटलं, भीक नको पण कुत्रं आवर. जावं घरी.

तेवढ्यात ते साहेब हवा खायला बाहेर आले. बायकोचा नंबर यायचा होता त्यांच्या. मला बघून म्हणाले, "झालं का तुमचं?"

"नाही झालं."

"आमचं झालं बुवा. तशी गरज नाही म्हणा. बँकेत होतो, पेन्शन आहे, मुलानं वेगळी पॉलिसी पण काढलीय. म्हटलं, मिळतंय तर असू दे."

मी बघतच राहिले. "तुमचं पण रेशन कार्ड पिवळं आहे?"

हसले. "अहो, रेशन कार्ड कोण विचारतंय? आधारवर वय सत्तर दिसलं की बास. बंगल्यात राहा नाहीतर झोपडीत."

"आणि उत्पन्नाचा दाखला?"

"कशाला दाखला? हे वयावर मिळतं."

वयावर! म्हणजे मी गरीब आहे म्हणून नाही. म्हणजे कुणाची दया नाही ह्यात. सत्तर वर्षं मी जगले, गटारात उतरून जगले, म्हणून ते माझं आहे. जेवढं ह्या पेन्शनवाल्याचं तेवढंच माझं. मग मी पायरीवर का आणि तो खुर्चीवर का? तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून सांगितलंय. खड्ड्यात गेलं म्हटलं.

आत गेले. रांगेत नाही, सरळ टेबलाशी. कुणीतरी मागून ओरडलं, "ओ बाई, रांग आहे!"

"माझा नंबर संपला नाही अजून," म्हटलं, आणि खुर्चीत बसले.

पोरगा म्हणाला, "मावशी, सांगितलं ना, ठसे घासलेत."

"घासलेत का नाही ते मशीन सांगेल. तू हात लावलास कुठं? धर माझं बोट. सगळ्यांचं धरलंस तसं."

"मी कुठं काय केलं?"

मी ती पट्टी उचलली. ते साहेब बायकोला घेऊन शेजारीच उभे होते. म्हटलं, "घे. ह्यांच्या बोटावर ठेव बघू ही. ह्यांच्या बायकोच्या ठेव."

साहेब खाली बघून खिशात काहीतरी शोधायला लागले. आत्ता बाहेर माझ्याशी हसून बोलले होते.

शिबिर भरवणारे भाऊ धावत आले. "आई, चिडू नका. ठसा नसला तरी चेहऱ्यावर होतं आता. मोबाइलकडं बघा, दोन मिनिटांत कार्ड."

लबाड! चेहऱ्यावर होतं हे मघाशी नाही सुचलं कुणाला. आणि खोटं कशाला बोलू, मन डळमळलं. छाती दुखत होती. कार्ड समोर होतं. नुसतं मोबाइलकडं बघायचं होतं. पण तसं केलं असतं तर तो हात मागंच राहिला असता.

"चेहऱ्याला माझी ना नाही," म्हटलं. "पण आधी बोट. मशीननं नाही म्हटलं तर मी ऐकेन. ह्यानं नाही म्हणायचं नाही."

मागची माणसं चुळबुळायला लागली. "अहो, आमचा खोळंबा होतोय." "काय हट्ट हा." मी हलले नाही. भाऊंनी त्या पोराकडं डोळे वटारले. त्यानं हात पुढं केला. त्याचे कान लाल झाले होते. माझं बोट धरलं, काचेवर दाबलं. मशीन नाही म्हणालं. दुसरं बोट, अंगठा. नाही. ठसे खरंच घासलेत माझे, फावडं धरून धरून. मग चेहऱ्यावर केलं. कार्ड निघालं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरानं माफी मागितली नाही. मी बाहेर पडल्यावर तो साबणानं हात धुवायला गेला असेल तर जाऊ दे. धुवू दे. पण आधी माझं बोट धरलं, मग धुतले.

आता हॉस्पिटलची तारीख मिळालीय. सुनेला घोर लागलाय. काल भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, तिथं तरी गप्प बसा हं. जीव त्यांच्या हातात असतो."

म्हटलं, असू दे त्यांच्या हातात. पण तिथं कुणी लांबून तपासलं, आडनाव वाचून तोंड फिरवलं, तर मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठून जाब विचारणार. सलाइनसकट उठणार. मरायचंच असेल तर विचारून मरेन. गप्प बसून जगायचं तेवढं जगून झालं.