रुपालीच्या दोन वेण्या

"ही मुलगी एकटी पडलीये," आमच्या ऑफिसातले सर म्हणाले आणि रुपालीचा नकाशा माझ्यापुढे सरकवला. मध्ये रुपाली, बाजूला तिला घरी ठेवून घेणारे काकू आणि आप्पा. संपला नकाशा.

आईवडील सांभाळू शकत नाहीत अशी मुलं काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहतात, ते फॉस्टर केअर. अशा मुलांभोवती कोणकोण माणसं आहेत आणि त्याचा त्यांच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे अभ्यासणं माझं काम. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. या चित्राला आम्ही नेटवर्क मॅप म्हणतो. दहा वर्षांच्या रुपालीला रहिमतपुरात ठेवायचं की सांगलीच्या संस्थेत परत न्यायचं, हे बालकल्याण समिती ठरवणार होती. तेही माझा रिपोर्ट वाचून. माझी झोप उडाली.

तीन दिवस रहिमतपुरात मुक्काम ठोकला. मैत्रिणी कोण, शेजारी कोण, काहीही विचारा. पोरगी तोंडाला कुलूप लावून बसायची. खरं सांगते, मला रागच आला.

शाळेत दोन वेण्यांची सक्ती. पहिल्या दिवशी तिच्या वेण्या चप्प, तेल लावून घट्ट. दुसऱ्या दिवशी एक वर, एक खाली. तिसऱ्या दिवशी पार लग्नातल्यासारख्या पाचपेडी. एवढे हात एका काकूंचे कसे असतील? काकूंना विचारलं, तर त्यांनी हात पदराखाली घेतले. संधिवातानं बोटं वाकडी झाली होती.

रुपाली मध्ये येऊन उभी राहिली.

"ताई, काकूंची बोटं वळत न्हाईत. हे लिवलं की मला परत नेणार."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच इचारलं, घरात तुझं सगळं कोण करतं. म्हटलं, काकू. दुसरं नाव घेतलं तर काकूंना जमत न्हाई आसं झालं आसतं."

प्रश्न माझाच होता. मी खजील झाले.

मुक्काम वाढवला आणि चौथ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर गल्लीत निघाले. सुतारवहिनी बाळ रुपालीच्या मांडीवर देऊन वेणी घालायला बसली. समोरच्या आजी दारातूनच भांडायला लागल्या, आज त्यांची पाळी होती म्हणे. दुपारपर्यंत माझे अकरा ठिपके झाले.

समितीच्या बैठकीत एक बाई म्हणाल्या, फॉस्टर आईला साधी वेणी घालता येत नाही, हे निगेटिव्हच नाही का? मी म्हटलं, "मॅडम, ती येत असती तर आज तुमच्यासमोर दोनच ठिपके असते." रुपालीचा मुक्काम वाढला.

बातमी सांगायला मीच गेले. काकू रडल्या, आप्पांनी चहा टाकला. रुपालीनं मात्र पुन्हापुन्हा खात्री करून घेतली.

"आता कायबी लिवलं तरी नेणार न्हाई?"

"नाही."

"मंग लिवा. सुतारवहिनीची वेणी लय दुखती."

आमच्या फॉर्ममध्ये तक्रारीला जागाच नव्हती. आता ठेवली आहे.